उघाडीवरचं टोपलं

‘थांब,’ मी म्हटलं. ‘हे वाक्य परत वाच.’

दर्शनानं परत वाचलं. ‘खाडीकाठच्या स्त्रियांनी बांधाच्या रक्षणात अनादी काळापासून मोलाचं योगदान दिलेलं आहे.’

‘कोणी सांगितलं तुला?’

‘म्हणजे?’

‘अनादी काळापासून म्हणतेस. होतीस का तू तेव्हा?’

‘आई, निबंधात असंच लिहितात.’

‘लिहीत असतील. बाजारात कोळीणही म्हणते, सकाळची मासळी आहे म्हणून. तरी मी कल्ले वर करून बघतेच ना?’

सून हसली नाही. हसायची पाळीच नव्हती तिची. ओट्यावर माझ्यासमोर ती मांडी घालून बसली होती, मांडीत ते कागद, आणि मी बिरड्याचे वाल सोलत होते. दिवस कार्तिकातले. भातं कापून झालेली, खाचरं मोकळी. दुपारचं ऊन असं पिवळं आणि पातळ, की खाडीपलीकडची झाडं पाण्यावर तरंगल्यासारखी दिसत. त्या उन्हात माणसाला धड जागंही वाटत नाही आणि झोपल्यासारखंही नाही. या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली, पण वाल सोलायला बसले की अजून तेच ऊन माझ्या हातावर पडतं.

मी तिसरी शिकलेली बाई. चौथीला मास्तरांनी छडी मारली, मी ती काढून घेतली आणि घरी आले ती आलेच. पण दर्शना एमए करत होती, आणि तिचं लिहिलेलं मी ऐकल्याशिवाय पुढं जात नसे. तिला वाटायचं, सासूला कौतुक आहे. कौतुक होतंच. शिवाय माझ्या घरातून काय बाहेर जातं ते मला ठाऊक असायला हवं, हेही होतं.

विद्यापीठात संशोधनाची एकच जागा निघाली होती. वीस पानांचा निबंध द्यायचा, मग पाच जणांसमोर बसून त्यावर उत्तरं द्यायची. तिच्या टिपणीस मॅडमनी निबंध दोनदा परत पाठवला होता. आता आठ दिवस उरले होते. माझ्या मुलानं, हरेशनं, आधीच सांगून ठेवलं होतं, ‘ही शेवटची खेप. नाही झालं तर पेणच्या पतपेढीत चिकटायचं.’ आणि पतपेढीच्या नुसत्या नावानं दर्शनाचा चेहरा असा व्हायचा, की जसं कोणी तिला पेटीत घालून वरून झाकण लावतंय.

‘मॅडमनी काय लिहिलंय ते वाच,’ मी म्हटलं.

तिनं शेवटचं पान उलटलं. लाल शाईत होतं. ‘यात कौतुक आहे, युक्तिवाद नाही. तुमचा दावा काय? तो कशावरून? आणि तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्ट कुठे आहे? ती तुम्ही टाळलेली दिसते.’

‘बाई शहाणी आहे,’ मी म्हटलं. ‘मग विरुद्ध जाणारी गोष्ट कुठली ती घाल ना.’

दर्शनानं माझ्या ताटातला एक वाल उचलला. सोलला. दुसरा उचलला.

‘गोमाकाकींची,’ ती म्हणाली.

त्या घरात ते नाव चोवीस वर्षांत कोणी घेतलं नव्हतं.

आमचं गाव खाऱ्या पाण्याच्या पोटात आहे. बांध आहे म्हणून गाव आहे. बांधाच्या बाहेर खाडी, आत भाताची खाचरं. बांधाला एका जागी उघाडी, म्हणजे लाकडी दार असलेली मोरी. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्या दारातून बाहेर जातं, आणि भरतीला खाडीचं पाणी येऊन दार आपलं आपण दाबून बंद करतं. ज्यांची खाचरं आत, त्या सगळ्यांचा मिळून जोळ. जोळानं बांध राखायचा, पाळीपाळीनं उघाडीवर लक्ष ठेवायचं. पाळी घराची असे. घरातून गडी गेला काय, बाई गेली काय, कोणी विचारत नसे. माझा धाकटा दीर वारल्यावर त्याच्या घरची पाळी त्याची बायको गोमी करी. माझी धाकटी जाऊ. बांधावर अनवाणी चालताना तिच्या पायाला जे कळे ते चार गड्यांच्या डोळ्यांना दिसत नसे.

मग एका श्रावणात, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारच्या उधाणाला उघाडीचं दार काठीचा टेकू लावून उघडं राहिलं. पाणी आत घुसलं, दाराशेजारचा बांध खाऊन गेलं, आणि दहा हात खांड पडली. सगळी लावणी खारी झाली. तीन वर्षं भाताचं पीक नाही. उघाडीत एक टोपलं अडकलेलं सापडलं, काठाला लाल चिंधी गुंडाळलेलं. ते गोमीचं, हे सगळ्या गावाला माहीत. संध्याकाळी देवळात जोळ बसला आणि ठरलं, बाईमाणसानं यापुढं बांधावर आणि उघाडीवर पाय ठेवायचा नाही. गोमीची पाळी गेली. महिन्याभरात गोमीही गेली, खाडीपलीकडे भावाकडे.

आणि पाणी घुसलं त्याच दिवशी मी त्या खांडीत छातीभर पाण्यात उभी राहिले होते. माझ्या मागं अकरा बाया. पेंढ्याच्या जुड्या आणि माती हातोहात देत आम्ही पाणी उतरेपर्यंत खांड वाढू दिली नाही. वाढली असती तर घरं गेली असती. गावात अजून सांगतात, चांगुणा घरत नसती तर हे गाव नकाशात दिसलं नसतं. मी त्यावर कधी नाही म्हटलं नाही. दर्शनाच्या निबंधाच्या पहिल्याच पानावर तेच होतं, माझ्या पुऱ्या नावासकट.

‘तिची गोष्ट मी मुद्दाम गाळली,’ दर्शना म्हणाली. ‘मी म्हणते, बायका बांध राखण्यात तरबेज होत्या. ते विचारणार, एवढ्या तरबेज होत्या तर त्यांना काढलं का? मग मी काय सांगू? एकीनं दार उघडं ठेवलं आणि गाव बुडवलं, हे सांगू?’

‘म्हणून तू त्याच्यावर कागद झाकलास.’

‘मग काय करायचं?’

आता मला माझं तोंड आवरायचं ठाऊक असतं तर मी एवढं आयुष्य कशाला असं काढलं असतं? मी वालाचं ताट बाजूला सारलं आणि ऐटीत म्हटलं, ‘बांधाला खेकड्याचं बीळ पडलं तर काय करतात, माहीत आहे? नवशिका वरनं मातीचा गोळा मारतो. वरनं छान दिसतं, चार दिवसांनी आतून बांध पोकळ. जाणती बाई काय करते? आधी उकरते. खेकडा हाताला लागेपर्यंत उकरते. बीळ मोठं होतं, बघणाऱ्याला वाटतं ही बांध फोडतेय. आणि मग तळापासून भरत येते. तू वरनं गोळा मारलायस. म्हणून तुझ्या मॅडमचा पाय पहिल्याच पानाला आत गेला.’

दर्शनानं पेन घेतलं आणि हातावरच लिहून घेतलं.

‘बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘उकरते. उद्या पलीकडे जाते, गोमाकाकींकडे.’

वाल कडू निघावा तसं काहीतरी माझ्या जिभेला लागलं.

‘तिच्याकडे काय मिळणार तुला?’

‘तुम्हीच म्हणालात ना, खेकडा लागेपर्यंत.’

मी म्हटलं, डोकं दुखतंय, आणि आत जाऊन आडवी झाले. आमच्या मागच्या दारातून खाडी दिसते. दार उघडंच होतं. पाणी चढत होतं की उतरत होतं कळत नव्हतं. भरती-ओहोटीच्या मधे एक वेळ अशी असते की पाणी कुठंच जात नाही, नुसतं असतं. बगळे त्याच्यावर पांढरे टाके घातल्यासारखे. मी बघत राहिले आणि मला दिसायला लागलं की पाणी उंबऱ्याच्या आत आलंय, चुलीपर्यंत आलंय, आणि त्यातून बारकी बारकी मासळी माझ्या भांड्यांमधून फिरतेय. मी दचकून उठले. चूल कोरडी होती. भिंतीवर ह्यांचा फोटो, चंदनाच्या हारातला. जोमा घरत, जोळाचे वीस वर्षांचे पुढारी. फोटोत सुद्धा झोपाळू दिसतात.

सकाळी दर्शना निघाली तेव्हा मी लुगडं बदलून ओट्यावर बसले होते.

‘तुम्ही कुठं?’

‘तुला वाट कोण दाखवणार?’

‘होडीतून उतरलं की एकच वाट आहे, आई.’

‘मग चुकणार नाही मी.’

तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, निघाली तेव्हा खाडीवर धुकं होतं. अलीकडचा काठ गेला, पलीकडचा अजून आला नव्हता. मधे फक्त वल्ह्याचा आवाज, आणि नावाडीसुद्धा कोणीतरी फुंकर मारून पुसल्यासारखा. दर्शनानं दोनदा काही विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मला वाटत होतं, हे धुकं आज हटूच नये, तर अशीच दुपारपर्यंत मधे राहावी. पण काठ आलाच. तिवरांची काळी मुळं चिखलातून वर आलेली, बोटं मोजावीत तशी उभी.

गोमी अंगणात भात वाळत घालत होती. केस पांढरे झालेले, पाठ मात्र ताठ. पायानं भात पसरत ती आमच्याकडे चालत आली, आणि मला एकदम तिची बांधावरची चाल आठवली.

‘ये गो बाय,’ ती म्हणाली. जसं काही मी काल ताक मागायला आले होते. ‘ही कोण?’

‘हरेशची बायको. दर्शना.’

‘बारीक आहे. खायला घालत नाहीस?’

‘शिकते ती. शिकलेल्यांच्या अंगी लागत नाही.’

‘तुझ्या हातचं कोणाच्या अंगी लागलंय?’

बसलो. दर्शनानं वही काढली. मुलीला रीत होती. आधी भाताचं विचारलं, भावाचं विचारलं, मग हळूच म्हणाली, ‘काकी, त्या उधाणाच्या दिवसाचं विचारायला आलेय. चाललं तर सांगा, नाही तर नको.’

‘विचार की. मला कोणी विचारलंच नव्हतं कधी.’

‘देवळात सुद्धा नाही?’

‘देवळात मला पायरीवर बसवलं होतं. टोपलं आत नेलं. टोपल्याला काय विचारलं असंल ते देवाला माहीत.’

दर्शनानं लिहिलं. ‘दार तुम्ही उघडं ठेवलं होतं?’

‘नाही.’

‘टोपलं तुमचं होतं?’

‘माझंच. माझ्या हातची लाल चिंधी.’

‘मग ते उघाडीवर कसं गेलं?’

गोमीनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं, रागाला माझ्याकडे उत्तरं पुष्कळ आहेत. ती नुसती बघत होती, तीनचार श्वास. मग उठली. ‘चहा ठेवते,’ म्हणाली, आणि आत गेली.

दर्शनाचं पेन वहीवर थांबलं होतं. अंगणात भातावर चिमण्या उतरल्या. मी त्यांना हाकलायला हात उचलला, आणि तो हात तसाच राहिला.

‘मी नेलं होतं,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘टोपलं. माझ्या टोपल्याचं बूड गेलं होतं. आदल्या दिवशी तिच्या पडवीतनं मी उसनं आणलं.’

मग सांगितलं. एकदा बीळ उकरायला घेतलं की हात थांबत नाही. पाळी त्या दिवशी आमची होती. ह्यांच्या बहिणीच्या सासरचे दुसऱ्या दिवशी जेवायला यायचे होते, आणि ह्यांना जिताडा हवा होता. उधाणाच्या पाण्याबरोबर जिताडा आत येतो. उधाणाला दाराला टेकू लावायचा नाही, हा जोळाचा नियम, आणि जोळाचे पुढारी हे. तरी लावला. म्हणाले, पाणी जरा आत घेऊ, मासळी आली की टेकू काढू. टोपलं तिथं ठेवून घरी आले, जेवले आणि आडवे झाले. मला सांगितलं, ‘तिवराची मुळं बुडाली की उठव.’

‘मी मागच्या दारात बसले होते,’ मी म्हटलं. ‘तांदूळ निवडत. रात्रभर पाऊस पडून गेला होता, आणि तेव्हा मोठं चकचकीत ऊन पडलं होतं. पाणी असं गुपचूप येत होतं, एक बोट, दोन बोटं. मुळं एकेक करून जात होती. मी मोजत होते. मोजता मोजता डोळा लागला. आणि मला स्वप्न पडलं की खाचरांत भाताच्या रोपांमधून मासळी पोहतेय, रुप्याची, सावकाश, जशी कोणी सोडलीय. इतकं छान होतं ते, की मी त्यात बसून राहिले. मग डोळे उघडले, आणि मासळी तिथंच होती.’

गोमी दारात उभी होती, हातात कपबशा.

‘मी धावले, ते खरं. खांडीत उभी राहिले, तेही खरं. लोकांना वाटलं, काय धीराची बाई. अगो, माझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं की पाणी कुठून आलं? मी उभी राहणार नाही तर कोण राहील? आणि संध्याकाळी देवळाच्या दारातनं मी बघितलं, ह्यांच्या हातात ते टोपलं. स्वतःच्या हातानं वर धरलं होतं त्यांनी, सगळ्यांना दाखवायला. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. आणि मी…’

‘आणि तू पदर ओढून घेतलास,’ गोमी म्हणाली. ‘मी बघत होते.’

तिनं चहा खाली ठेवला. माझ्यासमोरची बशी सरळ केली.

‘तुला ठाऊक होतं?’ मी विचारलं.

‘माझं टोपलं कोणाकडे होतं ते मला ठाऊक नसंल? सगळ्या आळीला ठाऊक होतं. टोपलं, खलबत्ता, परात, कोणाची कोणाकडे आहे ते बायांना पाठ असतं. तुझ्या मागं खांडीत उभ्या होत्या ना अकरा, त्यातल्या निम्म्या जणी मला वाटेत भेटून रडून गेल्या. पण बोलायचं कोणी? तू बोलली असतीस तर बोलल्या असत्या.’

‘तू का नाही बोललीस?’

‘नवऱ्यामागची बाई. भाऊजींवर आळ घेणारी. किती दिवस जगू दिलं असतं मला?’ तिनं एक घोट घेतला. ‘आणि वाटलं, तू येशील. दोन पावसाळे वाट बघितली. तर आली की उठून बघायची. मग भाताचा पसारा वाढला, विसरले.’

विसरली नव्हती. पण ते सुद्धा तिनं मला दिलं.

धुकं हटून ऊन अंगणात आलं होतं आणि भातावरून वाफ निघत होती. मग दर्शना घाबऱ्या आवाजात म्हणाली, ‘आई, हे मी घालू शकत नाही. बाबांचं नाव… तुमचं… आणि घातलं तरी माझी बाजू पडतेच. ते म्हणतील, शेवटी डोळा बाईचाच लागला.’

‘म्हणू देत,’ मी म्हटलं. ‘लागलाच.’

‘मग दावा काय राहिला माझा?’

गोमीला दावा म्हणजे काय ते कळलं नसावं, पण तिनं बशी पुसत पुसत विचारलं, ‘पोरी, नियम कशासाठी केला असं म्हणतात ते?’

‘बाईच्या चुकीनं बांध फुटला म्हणून.’

‘कुठल्या बाईच्या, ते कोणी तपासलं? पाळी कोणाची होती, विचारलं? टेकू कोणी लावला, विचारलं? आत बसलेल्यांत एक जरी बाई असती, तरी तिनं पहिलं हेच विचारलं असतं, की टोपलं उसनं कोणी नेलं होतं. म्हणून तर बाया नकोत ना.’

दर्शनाचं पेन हातातून वहीवर पडलं. तिनं उचललं नाही. ओठ हलत होते, जसं कोणी झोपेत बोलतंय.

‘म्हणजे चूक झाली म्हणून बायकांना काढलं नाही,’ ती हळूहळू म्हणाली. ‘चूक कोणाची, हे विचारणारं कोणी उरू नये, म्हणून काढलं.’

‘हे वाक्य पहिल्या पानावर घाल,’ मी म्हटलं. ‘अनादी काळाच्या जागी. आणि मी खांडीत उभी होते ते खाली ने, शेवटाला. तिथं तेवढंच आहे ते.’

‘पुरावा?’

‘मी आहे ना. अजून मेले नाही.’

निघताना गोमी काठापर्यंत आली. मी म्हटलं, ‘कधी येशील घरी?’ एवढंच मला सुचलं, आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईला तेही पुरेसं जड होतं.

‘तरीतून उतरून तुझ्या वाटेनं येणार नाही,’ ती म्हणाली. ‘आले तर बांधावरनं येईन.’

घरी पुढचे सहा दिवस काय झालं ते थोडक्यात सांगते. दर्शनानं आळीतल्या म्हाताऱ्या गाठल्या. अकरांतल्या सात हयात होत्या. पाच जणी बोलल्या, आणि दोघी म्हणाल्या आम्हाला आठवत नाही. तिनं त्या दोघींचंही लिहिलं. जोळाची जुनी वही काढली. त्यात तीस वर्षांच्या पाळ्या होत्या, आणि ज्या घरांतून बाया जात असं म्हाताऱ्यांनी सांगितलं, त्यांच्या पाळीला एकदाही खांड नव्हती. त्या दिवसापुढं आमच्या घराचं नाव होतं. शिवाय एक गोष्ट तिच्या विरुद्ध गेली. दुसऱ्या एका पावसात एका बाईच्या पाळीला पाझर लागलेला निघाला. मी म्हटलं, हेही घाल. ती म्हणाली, घातलं कधीच.

हरेशला कळलं तेव्हा तो ताटावरून उठला. ‘बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांची अब्रू तू विद्यापीठात नेऊन मांडणार?’

‘बस खाली,’ मी म्हटलं. ‘अन्न टाकू नकोस. त्यांची अब्रू चोवीस वर्षं मी एकटीनं वाहिली. खांदा दुखायला लागला माझा. तुला हवी असेल तर घे, पण मग टोपलंही घे.’

तो बसला. जेवला नाही, पण बसला.

माझी जबानी दर्शनानं कागदावर उतरवली आणि मला वाचून दाखवली. म्हणाली, अंगठा चालेल. मी म्हटलं, अंगठा तुझ्या आजेसासूनं दिला होता, मी तिसरी झालेय. ओट्यावर, त्याच पिवळ्या उन्हात, मी माझं नाव लिहिलं. चांगुणा लिहिताना णा कागदाबाहेर जायला निघाला, त्याला वळवून आत आणला. जोमा लिहिताना हात थांबला. मग तेही लिहिलं.

पाच जणांपैकी एका म्हाताऱ्या सरांनी तिला विचारलं म्हणे, ‘तुमच्या घरच्यांविरुद्ध जाणारा पुरावा तुम्ही स्वतःच का दिलात?’ ती म्हणाली, ‘मी गाळला असता तर तुम्ही शोधला असता, सर. आणि मग बाकीच्या एकोणीस पानांवर तुम्ही विश्वास ठेवला नसता.’ जागा तिला मिळाली. टिपणीस मॅडमनी या वेळी लाल शाईनं काहीच लिहिलं नव्हतं, फक्त पहिल्या पानावरच्या त्या वाक्याखाली एक रेघ होती.

तो निबंध दर्शनानं माघात देवळात वाचून दाखवला, जोळासमोर. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघे उठून गेले. नियम मागं घेतला असंही कोणी म्हटलं नाही. माणसं आपापल्या घरी गेली आणि दारं लावून बसली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारची, मी मागच्या दारात बसले होते. ओहोटी होती. खाडी पार खाली गेलेली, सगळा चिखल चांदीसारखा पडलेला, आणि त्या लखलखाटात बांध म्हणजे नुसती एक काळी रेघ. त्या रेघेवरून कोणीतरी चालत येत होतं. मला वाटलं, डोळा लागलाय. मी हाताला चिमटा घेतला. ते येतच राहिलं. अनवाणी, पाठ ताठ, एकेक पाऊल टेकून थांबून.

मी दर्शनाला हाक मारली आणि धावले. चप्पल उंबऱ्यातच राहिली.

बांधाच्या चढणीवर मी थबकले. चोवीस वर्षं पाय इथंच थांबलेला, त्याला सवय झाली होती. उघाडीजवळून बाळाराम ओरडला, त्या दिवशी पाळी त्याची होती, ‘अगो काकी, बायांनी वर नाही यायचं! जोळाचं ठरायचंय अजून!’

‘ठरव तू!’ मी ओरडले. ‘तोवर आम्ही चालतो!’ आणि वर चढले.

गोमी मधोमध उभी राहिली होती, डाव्या पायाचं बोट मातीत रुतवून. मी जवळ गेले. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

‘इथं आहे,’ ती म्हणाली. ‘वरनं माती मारलीय कोणी तरी. आत पोकळ.’

ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी उकरायला लागली. मीही बसले. माती गार होती, आणि आत आत जास्त गार. बीळ मोठं होत गेलं. बाळाराम धावत येताना दिसत होता, हात हलवत, ‘बांध फोडताय काय!’ म्हणत.

दर्शना आमच्या डोक्याशी उभी होती, धापा टाकत. ‘आई,’ ती म्हणाली, ‘हे पण लिहू का?’

‘मग लिही,’ गोमी म्हणाली. खांद्यापर्यंत हात आत घातलेला. ‘आधी माती दे.’